कावून थांबलास?

१

"बाई, हे बजरंगनं लिवलेलं न्हाई."

बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता, मी चहा गाळत असताना, प्रवीणनं नवं कोरं पुस्तक माझ्या ओट्यावर ठेवलं. ओट्यावर! पीठ सांडलेलं होतं तिथं. पुस्तकाला जपायचं असतं हे या परळीत कुणाला कळेल तर शपथ. पण तो चपला न काढताच आत आला होता, म्हणून मी तोंड आवरलं.

मी विजयमाला. बीडच्या एका दैनिकात एकतीस वर्षं मुद्रितशोधक होते. म्हणजे पुढाऱ्यांच्या, प्राध्यापकांच्या आणि वाढदिवसाच्या जाहिराती देणाऱ्या टग्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निस्तरत होते. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका बघितल्या की माणसं आवडेनाशी होतात. मला तर आधीही फारशी आवडत नव्हती.

हातातलं पुस्तक ‘उलटा काटा’ मालिकेतलं पाचवं आणि शेवटचं. ही मालिका तुम्ही वाचली नसेल. वाचली असेल तर उशीखाली लपवून वाचली असेल. परळीच्या स्टेशनवरच्या घड्याळाचा काटा उलटा फिरला की वेटिंग रूमचं दार १९४८ सालात उघडतं, निजामाच्या अमदानीत. अलीकडचा माधव आपल्या थर्मलला, म्हणजे गावभर राख ओकणाऱ्या वीजकेंद्रात, कामाला, पलीकडचा नारायण स्टेशनात तारबाबू. त्या दोघांचं एकमेकांवर प्रेम. हो, दोन पुरुषांचं. मागं निजामाचे शिपाई, पुढं स्थळं घेऊन आलेले नातेवाईक, आणि त्यातून पळापळ. चारही पुस्तकांच्या शेवटी नारायण एकच प्रश्न विचारतो: "कावून आलास?" आणि पुस्तक तिथंच संपतं. उत्तर पाचव्यात देणार, असं बजरंग सगळ्यांना सांगायचा.

बजरंग, म्हणजे लेखक, जानेवारीत गेला. एकोणचाळीस वर्षांचा होता. पाचवं पुस्तक त्यानं दवाखान्यात, पलंगावर, दोनशे पानी वहीत हातानं लिहिलं. प्रवीण त्याच्यासोबत नऊ वर्षं एका घरात राहिला. प्रवीण धर्मापुरीचा, राखेच्या विटांच्या कारखान्यात सुपरवायझर. दवाखान्यात नर्सनं कागद भरताना विचारलं, पेशंटचे तुम्ही कोण? तो म्हणाला, "संगं हाय." नर्सनं परत विचारलं, नातं काय? तो परत म्हणाला, "संगं हाय." तिनं तो रकाना कोरा सोडला.

"त्यानं मला शेवटचं प्रकरण वाचून दाखवलतं," प्रवीण म्हणाला. "दोघंबी जित्ते राहतात त्यात. दोघं वेटिंग रूममधी बसलेत, बाहेर गोळीबार. नारायण इचारतो, कावून थांबलास? आन् बजरंगनं वहीच झाकली. म्हनला, पुढची ओळ छापल्यावर वाच. म्हनून वही हातात असूनबी मी ते पान उघडलं न्हाई."

"आणि छापल्यावर?"

"तुमीच वाचा."

मी वाचलं. नारायण गोळी लागून मरतो. माधव एकटा परत येतो आणि शेवटच्या पानावर मुंडावळ्या बांधून उभा राहतो. मरण्याआधी असं आहे:

‘"कावून थांबलास?" नारायणनं क्षीण स्वरात विचारलं. माधवनं मंद स्मित केलं. "राग तर केव्हाच ओसरला, नारायण," तो उत्तरला.’

मंद स्मित! बजरंगच्या चार पुस्तकांत कुणीही मंद स्मित केलेलं नाही. तिथं माणसं हसतात, नाहीतर दात काढतात. हे कुण्या दुसऱ्याच शहाण्याचं काम होतं, यात मला शंका उरली नाही.

"बाई, घर गेलं त्याच्या भावाकडं. कपडे गेले. मयतीला मला कंपाउंडच्या भाईर उभं केलं," प्रवीण म्हणाला. "मला त्यातलं काही नको. मला ती एक ओळ पायजे. ती माझ्यासाठी व्हती."

एवढं बोलून तो माझ्या ओट्याशी उभ्या उभ्या रडला. मी त्याला चहा दिला. दुसरं काय द्यायचं ते मला कधीच जमलेलं नाही.

पहिली चार पुस्तकं माझ्या हाताखालून गेली होती. बजरंगला प्रुफाच्या खुणा मीच शिकवल्या. काय गाळायचं, काय जोडायचं, आणि चुकून खोडलेलं परत ठेवायचं असेल तर त्या अक्षरांखाली टिंबं कशी द्यायची. टिंबं म्हणजे, तसंच राहू द्या. पाचव्याची प्रुफं मात्र मी पाहिली नाहीत. का, ते सांगायची वेळ येईल तेव्हा सांगेन. तूर्त मी चपला घातल्या.

२

सुंदरराव हा आमच्या परळीतला प्रकाशक. लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रकं छापतो, अधूनमधून पुस्तकं. वाचत काहीच नाही. त्याच्या छापखान्यात टेबलावरून बोट फिरवलं तर राखेची रेघ उठते आणि त्याच्या डोक्याचीही तीच तऱ्हा आहे.

"वही कुठाय?" मी विचारलं.

"मला कावून इचारता ताई? मी तर छापनारा मानूस."

"वही तुझ्याकडेच आली होती ना?"

"आलती की. प्रवीणनंच आणून दिल्ती, फेब्रुवारीत, एका मंगळवारी. टेबलावर व्हती. दुसऱ्या दिशी अर्जुनराव आले."

अर्जुनराव म्हणजे बजरंगचा थोरला भाऊ. जिल्हा परिषदेला उभा राहणार म्हणून दोन वर्षांपासून चौकाचौकात फ्लेक्सवर हात जोडून उभा आहे. भावाची पुस्तकं निघतात म्हणून त्यानं याच छापखान्यात दोनदा खुर्ची फेकली होती.

"वहीजवळ तो एकटा होता?"

"मी चहा सांगायला गेलतो."

"किती वेळ?"

"पाऊन घंटा."

"चहाला पाऊण घंटा, सुंदरराव?"

"संगं भजी बी सांगितली," तो म्हणाला. त्याला स्वतःची लाज वाटते आहे असं वाटलं, पण ते मला भज्यांमुळे वाटलं असावं. "मी घाबरलतो ताई. म्हनलं, जाळायची तर जाळू दे, आपन तिथं नको. पर परत आलो तं वही टेबलावर जशीच्या तशी. मंग शुक्रवारी ती अजिनाथ सरांकडं बीडला धाडली, प्रस्तावनेला. सरांनीच टाइप करून दिलं सगळं. आमी तसंच छापलं."

"वही परत आली?"

"सर म्हनतात धाडली. इथं तं दिसंना."

"आणि मूळ शेवट काय होता, ते तुला ठाऊक नाही."

"ताई," तो दुखावल्यासारखा म्हणाला, "मी छापलेलं वाचत न्हाई, तं हातानं लिवलेलं कावून वाचू?"

याच्यावर माझा विश्वास बसला. इतका प्रामाणिक अडाणीपणा ढोंग करून येत नाही. निघताना त्यानं मला रविवारच्या प्रकाशनाची पत्रिका दिली. प्रमुख पाहुणे म्हणून नाव होतं अर्जुनरावाचं. जो माणूस पुस्तक निघू देणार नव्हता तोच आता त्याची फीत सोडणार होता.

३

अर्जुनरावाच्या ओसरीत प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक रचलेल्या, पेले पालथे घातलेले. परळीत हे घरोघर असतंच, राख बसू नये म्हणून. त्यानं एक पेला सुलटा केला, स्वतःच्याच धोतरानं पुसला आणि मला पाणी दिलं. मी ते प्यायले नाही.

"भाऊ सुधारला बघा शेवटी," तो म्हणाला. "लगीन लावून दिलं त्या गड्याचं. लोकं म्हनतील, अर्जुनरावाचं घराणं सरळ हाय."

"ते प्रकरण तुम्ही बदललंत."

"मी?" तो मोठ्यानं हसला. "मी कावून बदलू? मला आक्रा पानं लिवायची म्हंजी आक्रा दिवस लागत्याल. जाळायला गेलतो, ते खरं हाय. काडेपेटी घिऊनच गेलतो."

"मग जाळली का नाहीत?"

त्यानं धोतराचा सोगा झटकला. मग म्हणाला, "पैल्याच पानावर जत्रा निघाली. वैजनाथाची. थोरला भाऊ धाकल्याला खांद्यावर घिऊन चाललाय. ते आमचंच हाय बाई. त्याला ठेच लागलती, म्या त्याला स्टेशनापस्तोर खांद्यावरनं नेलतं. मंग वाचत बसलो."

"शेवटपर्यंत?"

"न्हाई. भजी आली."

मला त्या माणसाचा संताप आला. भावाचं पुस्तक हातात असताना भजी खाणारा हा गडी उद्या जिल्ह्याचं शिक्षण बघणार होता.

"प्रवीणला अंत्यविधीला तरी येऊ द्यायचं होतं," मी म्हणाले.

त्याचा चेहरा आवळला. "त्यो कोन? दवाखान्यात दहा लोकांत म्या त्याला इचारलं, नातं सांग. म्हनतो, संगं हाय. संगं म्हंजी काय? संगं तं कुत्रं बी असतंय."

मी उठले. खुर्ची मागं सरकवली ती मुद्दाम मोठ्यानं. गुन्हेगार हाच असावा अशी माझी फार इच्छा होती. पण दारापाशी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की ज्याला पेटवायला काडेपेटी आहे, तो लिहायला पेन शोधत बसत नाही.

४

प्राध्यापक डॉ. अजिनाथ बीडला राहतात. दारावर पितळी पाटी, त्यावर नावाखाली ‘बोलीभाषा-अभ्यासक’. आत शिरल्या शिरल्या त्यांनी मला आपली मुळं सांगितली. मी विचारलेलं नव्हतं.

"मी लिंबागणेशच्या, आपल्या बीड जिल्ह्याच्याच मातीतला, बाई. वडील सरकारी नोकरीत, त्यामुळे शिक्षण सगळं पुण्याला झालं. पण बोली माझ्या रक्तात आहे."

रक्तात काय काय असतं ते तपासायला लॅब असतात, असं माझ्या ओठावर आलं होतं. त्यांनी टेबलावरचं स्वतःचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. ‘उलटा काटा : अटळ विरहाचं सौंदर्यशास्त्र’. मागच्या वर्षी निघालेलं, तीनशे पानांचं. बजरंगच्या मालिकेवर पीएचडी करून ती छापली होती.

"वहीतली शेवटची पानं वेगळ्या अक्षरात होती का?" मी विचारलं.

"मुळीच नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत बजरंगचंच अक्षर. जे होतं ते मी शब्दशः टाइप केलं. दुर्दैवी शेवट, पण किती अपरिहार्य!"

"वही दाखवा."

"परत पाठवली ना सुंदररावांकडे."

"कावून पाठवली?" मी म्हणाले. संशोधक माणूस हातात आलेलं हस्तलिखित सोडतो, हे मला पटेना.

"छे छे, कावून कशाला?" ते हसले. "आनंदानं पाठवली. त्यांचीच ठेव होती."

माझी टर उडवतायत, असं मला वाटलं. आमची बोली बोलून दाखवली की या मंडळींना नेहमीच हसू येतं. मी दुर्लक्ष केलं आणि तिथंच मी चुकले.

निघताना ते म्हणाले, "चौथ्या पुस्तकाच्या प्रुफावरची तुमची टीप मी सुंदररावांकडे पाहिली होती, बरं का. अतिशय मार्मिक. मला फार बळ मिळालं त्यानं."

एसटीत बसेपर्यंत माझे कान तापलेले होते. ती टीप मला पाठ होती. आणि ती कुणाला बळ देईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

५

शनिवारी सकाळी मी भाजीला गेले. मेथीची जुडी उचलली, पिवळी पानं बघून परत ठेवली. भाजीवाली भामाबाई खेकसली, "आता कावून ठिवली?"

"पिवळी आहे म्हणून," मी म्हणाले आणि पिशवी हातातच राहिली.

भामाबाईनं विचारलं, का ठेवली. मी कारण सांगितलं. ‘कावून’ म्हणजे का, कशासाठी. बीड जिल्ह्यात दूधपितं लेकरूही हे विचारतं. पण पुण्याकडं माणूस कावतो म्हणजे चिडतो. तिथं ‘कावून आलास?’ म्हणजे चिडून आलास?

मी मेथी न घेताच घरी आले आणि पुस्तक उघडलं. ‘कावून थांबलास?’ ‘राग तर केव्हाच ओसरला.’ अहो, काय मूर्ख बाई मी! मंद स्मितावर नाक मुरडत बसले आणि पुढचं वाक्य नुसतं नजरेखालून घातलं. नारायण विचारतोय का थांबलास, आणि माधव सांगतोय राग गेला. हे उत्तर या प्रश्नाचं नाहीच.

मग मी आयुष्यात क्वचित करते ती गोष्ट केली. प्रस्तावना वाचली. तिथं चौथ्याच परिच्छेदात होतं: ‘माधव प्रत्येक खेपेस कावून, अर्थात संतप्त होऊन, नारायणकडे येतो. हा राग हीच या नात्याची शोकात्म बीजभूमी होय.’

मी एकटीच घरात इतकी हसले की शेजारीण डोकावली. हसू ओसरल्यावर मी प्रवीणला फोन लावला आणि उद्या धुतलेला शर्ट घालून ये म्हणून सांगितलं.

६

रविवारी अकराला हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसं होती. निम्मी अर्जुनरावानं आणलेली, त्यांना पुस्तक कसलं आहे हेही माहीत नव्हतं. बाकीची बजरंगची वाचक. ती मागच्या रांगेत, एकमेकांपासून दोन-दोन खुर्च्या सोडून, मान खाली घालून बसली होती. प्रवीण दाराशी उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

डॉ. अजिनाथ बोलायला उठले आणि अटळ विरहावर वीस मिनिटं बोलले. त्यांनी श्वास घेतला तशी मी उभी राहिले.

"सर, एक शंका आहे. नारायण प्रत्येक पुस्तकात विचारतो, कावून आलास. याचा अर्थ काय हो?"

"उत्तम प्रश्न," ते म्हणाले. "कावून, म्हणजे कावल्यामुळे. चिडून. ‘तू चिडून आलास का,’ असं नारायण विचारतो."

मग प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीतून अर्जुनराव पुढं वाकला.

"चिडून?" तो म्हणाला. "ओ सर, कावून म्हंजी कावून!"

"म्हणजे?"

"म्हंजी कशापायी! का म्हनून! तुमी लिंबागनेसचे न्हवं?"

सगळा हॉल फुटला. सुंदरराव तर टेबलावर थापा मारून हसत होता. मागच्या रांगेतल्या मुलांनी पहिल्यांदा माना वर केल्या. मी हसू संपायची वाट पाहिली, कारण मला घाई नव्हती.

"आता ऐका," मी म्हणाले. "शेवटचं प्रकरण बजरंगचं नाही. पहिल्या चार पुस्तकांत प्रश्न आहे ‘कावून आलास’. ‘कावून थांबलास’ हा प्रश्न फक्त त्याच्या वहीत होता, आणि प्रवीणनं तो त्याच्या तोंडून ऐकलाय. छापलेल्या पुस्तकात तो तसाच आहे. म्हणजे ज्यानं हे प्रकरण रचलं त्याच्यासमोर बजरंगचं खरं पान उघडं होतं. त्यानं प्रश्न ठेवला आणि उत्तर बदललं. उत्तर काय लिहिलं? राग ओसरला! का थांबलास याला राग ओसरला हे उत्तर बीड जिल्ह्यातला कुणी माणूस देईल का? प्रवीणनं वही दिल्यावर तिला हात लागले तिघांचे. सुंदररावानं मला विचारलं, मला कावून इचारता. अर्जुनरावानं विचारलं, मी कावून बदलू. आणि सर, मी तुम्हाला विचारलं, वही कावून पाठवली, तर तुम्ही म्हणालात, कावून कशाला, आनंदानं पाठवली."

परत हशा झाला. सरांचे कान लाल झाले होते.

"पण का?" मागून एक मुलगी ओरडली.

"मागच्या वर्षी यांचा प्रबंध छापून निघाला. तीनशे पानं, की या दोघांचा विरह अटळ आहे. आणि बजरंगनं त्यांना एकत्र ठेवलं. मग प्रबंध बदलायचा की पुस्तक? लेखक तर मेलेला. मेलेला माणूस तक्रार करत नाही, आणि जो करेल त्याच्या नात्याचा रकाना कोरा आहे."

"मी कलाकृती वाचवली!" सर ओरडले. "तो शेवट बाळबोध होता! आणि बाई, तुम्ही मला शिकवू नका. चौथ्याच्या प्रुफावर तुम्हीच लिहिलं होतंत, ‘पाचव्यात एकाला मारा. अशांचं गोड झालेलं कुणी पाहिलंय?’ मी तुमचीच सूचना अमलात आणली!"

प्रवीण माझ्याकडे बघत होता.

"लिहिलं होतं," मी म्हणाले. "बजरंगनं दवाखान्यातून मला फोन केला. म्हणाला, बाई, गोड करतोय. मी म्हणाले, मग प्रुफं माझ्याकडे पाठवू नकोस. म्हणून पाचव्याची प्रुफं मी बघितली नाहीत. बघितली असती तर हे पहिल्याच दिवशी सापडलं असतं."

सगळ्या जिल्ह्याला नावं ठेवत फिरणारी बाई भर सभेत उभी होती आणि तिला बसायचं सुचत नव्हतं.

"ते ऱ्हाऊ द्या," शेवटी प्रवीणच म्हणाला. "वही कुठाय?"

"वही यांच्याकडेच आहे," मी म्हणाले. "पुढच्या शंभर वर्षांत लोक आपल्यावर संशोधन करतील असं ज्याला वाटतं, तो माणूस कागद फाडत नाही, नजरेआडही ठेवत नाही."

सरांनी खांद्यावरची शबनम घट्ट धरली आणि ते सगळ्यांनी पाहिलं. अर्जुनराव उठला, त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि नुसता हात पुढं केला. निवडणुकीला उभा राहणारा एवढा दांडगा गडी समोर उभा असताना सौंदर्यशास्त्र फार वेळ टिकत नाही. वही बाहेर आली.

अर्जुनरावानं ती घेतली. क्षणभर वाटलं, हा परत काडेपेटी काढतो की काय. पण तो हॉलच्या मधून चालत दारापर्यंत गेला आणि वही प्रवीणच्या हातात दिली.

प्रवीणनं शेवटचं पान उघडलं. सरांनी तांबड्या पेननं समासात तपासणी केली होती, जशी पोरांची उत्तरपत्रिका तपासतात. ‘भाबडे.’ ‘अनावश्यक.’ आणि शेवटच्या ओळीवर आडवी तांबडी रेघ. रेघेखालचं वाचता येत होतं. प्रवीण वाचायला लागला, आधी मनात, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"‘कावून थांबलास?’ नारायण म्हनला. माधवनं त्याचा हात धरला. ‘संगं हाय म्हणून.’"

एवढीच ओळ होती. प्रवीणनं ती परत वाचली. मग तो दारातच, पायरीवर, खाली बसला. मागच्या रांगेतली मुलं उठून त्याच्याभोवती येऊन उभी राहिली. अर्जुनराव आपल्या चपलांकडे बघत होता. ‘संगं म्हंजी काय’ असं दहा लोकांत विचारलेलं त्याला आठवत असणार. तो बाहेर गेला, गाडीत बसला आणि गाडी सुरू न करता तसाच बसून राहिला. मला त्याची कीव आली नाही, पण त्याला नावंही ठेवावीशी वाटली नाहीत.

मी प्रवीणशेजारी पायरीवर टेकले. गुडघे दुखतात माझे, पण टेकले. पानाच्या कोपऱ्यात बजरंगनं शिसपेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं: ‘बाई म्हणतील गोड झालं. होऊ दे.’

मी चष्मा काढून पुसला. परळीत राख फार, सारखा पुसावा लागतो.

"बाई, ह्यानं खोडलंय," प्रवीण म्हणाला. त्याचं बोट त्या तांबड्या रेघेवर होतं. "आता?"

"नऊ वर्षं संगं राहिलास आणि खुणा शिकला नाहीस?" मी म्हणाले. पर्समध्ये माझी पेन्सिल असते, तिला टोक काढलेलं असतं. ती त्याच्या हातात दिली. "खोडलेलं ठेवायचं असलं की खाली टिंबं द्यायची. म्हणजे छापणाऱ्याला कळतं, तसंच राहू द्या."

त्यानं वही गुडघ्यावर घेतली आणि एकेका अक्षराखाली एकेक टिंब दिलं. सावकाश, जीभ दातांत धरून. सुंदरराव मागून बघत होता. म्हणाला, उद्याच नवीन फर्मा लावतो, शेवटची पानं परत छापतो, ताई. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. प्रवीणचं झाल्यावर मी वही घेतली आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं तपासली.

एकही टिंब चुकलं नव्हतं.